निरगाठ आणि सुरगाठ : रोजच्या वस्तूंची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्यापुढे कथा-कादंबरी येते, कविता येते, फार तर नाटक-सिनेमा येतो. सेफ्टी पिनेची समीक्षा ऐकायला कुणी संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. तुम्ही आज पडलात, याबद्दल आधी आभार. सेफ्टी पिन, पँटची चेन, स्क्रू, पत्र्याचा डबा, कुकर आणि बांधकामाची परांची एवढ्याच गोष्टींवर आम्ही आज बोलणार आहोत. या सगळ्यांचं काम एकच. दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवायच्या आणि वेळ आली की सोडायच्या. ही साधनं कुणीतरी विचार करून घडवली. त्यांत काही साधायचं होतं, त्यातलं काही साधलं, काही फसलं. आणि जिथे साधणं-फसणं आहे तिथे समीक्षेला जागा आहे.

आता निकष कोणता लावायचा? तो आपल्या भाषेत तयारच आहे. मराठीत गाठीला दोन नावं आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ओढावी तितकी आवळत जाते. सोडवायला नखं लागतात, दात लागतात, शेवटी कात्री लागते. सुरगाठही भार धरते, पण एक टोक ओढलं की सुटते. लहान मुलाच्या चड्डीच्या नाडीला निरगाठ बसली की घरात काय धावपळ होते ते सगळ्यांना माहीत आहे. गाठ उत्तम बसलेली असते, आणि नेमकी तीच अडचण असते.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जोडणाऱ्या साधनाचा कस ते किती घट्ट बसतं यावर लागत नाही. ते कुणाला, कुठे आणि कधी सोडवता येतं यावर लागतो. शोधांबद्दल आपण जे वाचतो-लिहितो, त्यात पहिल्या अर्ध्या भागाचंच कौतुक असतं. दुसरा अर्धा भाग राहून जातो. तो आज पाहू.

या विषयावर लिहिणाऱ्यांत हेन्री पेट्रोस्की यांचं नाव आधी घ्यायला हवं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ते स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत. १९९२ साली त्यांचं ‘दि इव्होल्यूशन ऑफ यूसफुल थिंग्ज’ हे पुस्तक आलं. काटे-चमचे, टाचण्या, पेपरक्लिपा, चेन अशा क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूंवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, आणि एक ठाम सिद्धांत मांडला. वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून ठरतो असं आपण धरून चालतो. पेट्रोस्की म्हणतात की तसं नाही, तो आधीच्या वस्तूच्या अपयशातून ठरतो. आधीची वस्तू कुठेतरी टोचते, गंजते, निसटते, हात कापते. त्याचा कुणालातरी वैताग येतो. आणि त्या वैतागातून पुढची वस्तू जन्मते. म्हणून शोधक हा मुळात समीक्षक असतो, असं ते म्हणतात. हा विचार आम्हांला पटतो. ‘डोक्यात वीज चमकली’ छापाच्या गोष्टींपेक्षा तो कितीतरी शहाणा आहे.

त्यांच्याच पुस्तकातला पत्र्याच्या डब्याचा विषय घ्या. अन्न डब्यात टिकवायचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी १८१० साली घेतलं. डबा जाड लोखंडी पत्र्याचा, झाळलेला. आत हवा जात नव्हती, मटण महिनोन्‌महिने टिकत होतं. बंद करण्याच्या बाजूने काम चोख. पण उघडायचा कसा? तर छिन्नी आणि हातोडा घेऊन! तशा सूचनाच डब्यांवर असत. हाताने चालवायचा डबा-फोडणा अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी पेटंट केला तो १८५८ मध्ये. मधे जवळजवळ अर्धं शतक गेलं. त्या काळात डबे प्रामुख्याने आरमार आणि लष्कर यांच्याकडे जात. तिथे संगीन हाताशी असे आणि तक्रार करायची सोय नसे. ती छिन्नी स्वयंपाकघरात येईपर्यंत तिच्याकडे कुणी ‘अडचण’ म्हणून पाहिलं नाही.

आणि इथेच पेट्रोस्कींना आमचा पहिला प्रश्न आहे. वैतागातून शोध लागतो हे खरं, पण कुणाच्या वैतागातून? त्यांचा पुरावा मोठ्या प्रमाणात पेटंटांच्या कागदांतून येतो. पेटंट म्हणजे रीतसर लिहून दिलेली तक्रार आणि तिच्यावरचा इलाज. ती लिहायला वेळ लागतो, फी लागते, चित्र काढून देणारा नकाशेवाला लागतो. ज्यांचा वैताग तोंडीच राहिला त्यांची समीक्षा या इतिहासात कुठून येणार?

सेफ्टी पिनेचंच पाहा. न्यूयॉर्कचे वॉल्टर हंट यांना १० एप्रिल १८४९ रोजी तिचं पेटंट मिळालं. कपड्याला टोचून अडकवायची पिन ही काही नवी गोष्ट नव्हती. युरोपात कांस्ययुगापासून तशा पिना होत्या. ग्रीक, एट्रुस्कन, रोमन लोक त्या वापरत. वेटोळं होतं, अडकवायला पकडही होती. हंट यांनी एकाच तारेला वेटोळं घालून स्प्रिंग केली आणि टोक झाकलं जाईल अशी पकड दिली, म्हणजे बोटाला लागणार नाही. सांगतात ते असं, की हंट एका नकाशेवाल्याचं १५ डॉलरचं देणं लागत होते. त्यापायी काही तासांत त्यांनी ही पिन वळवली आणि तिचे सगळे हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. लेखांत ही गोष्ट नेहमी हळहळीने येते. बिचारे हंट, कोट्यवधीला मुकले. आम्हांला त्या हळहळीत फारसा रस नाही. पिन कशी उघडते याबद्दल त्या लेखांत काहीच नसतं, याची हळहळ अधिक वाटते.

कारण उघडण्याच्या बाजूने ही पिन अजोड आहे. अंगठ्याने दाबली की टोक पकडीतून सुटतं. हत्यार नको, शिकवणी नको, अंधारातही जमतं. सुरगाठीचा हा आदर्श नमुना. म्हणूनच आपल्याकडे ती घराघरांत गेली. बायकांच्या बांगडीत दोन-चार पिना लटकवलेल्या असत, अजूनही असतात. बसमध्ये, लग्नघरात, शेतावर कुणालाही लागली की बांगडीतून काढून दिली जाते. निऱ्यांना पिन, खांद्यावरच्या पदराला पिन, चपलेचा अंगठा तुटला तर तिथेही पिन.

पण ज्या कापडासाठी आपण ती वापरतो त्याची तक्रार वेगळी आहे. तलम साडीचा पदर पिनेच्या वेटोळ्यात अडकतो. घाईत ओढला की धागा निघतो, कधी सरळ फाटतो. पिनेचं भोक मोठं होत जातं ते वेगळंच. या अडचणीवर बायकांनी इलाजही काढला. पिनेत आधी एक मणी किंवा मोती ओवायचा, मग ती पदराला लावायची. मणी वेटोळ्याच्या तोंडाशी बसतो आणि कापड आत शिरत नाही. दीड मिनिटाचं काम आणि काही पैशांचा मणी. पेट्रोस्कींच्या व्याख्येप्रमाणे हा पुरेपूर शोध आहे. आधीच्या वस्तूचं अपयश अचूक हेरलं आहे, नेमक्या जागी उपाय केला आहे. पण तो करणारीचं नाव नाही, तारीख नाही, चित्र नाही. हंटना निदान नकाशेवाला तरी उधारीवर मिळाला होता.

आता चेनकडे येऊ. शिकागोचे व्हिटकॉम जडसन यांनी १८९३ साली बुटांसाठी आकडे आणि डोळे यांची एक मालिका पेटंट केली. एक सरकता रनर फिरवला की सगळे आकडे ओळीने अडकायचे. कल्पना देखणी होती, पण मनात नसताना ती मधेच उघडायची. पँटला लावलेली चेन चारचौघांत आपोआप उघडणं म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. पुढची वीस वर्षं हीच दुरुस्ती चालली होती. ती पार पाडली गिडिअन सुंडबॅक या स्वीडनहून आलेल्या इंजिनिअरने. त्यांनी आकडे-डोळे टाकून दिले. प्रत्येक दाताला वर एक उंचवटा आणि खाली एक खळगा दिला. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. जडसन यांच्याकडे इंचाला चारेक आकडे होते. सुंडबॅक यांनी दहाएक दात बसवले. १९१७ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते दात पट्टीवर बसवणारं यंत्रही त्यांनीच तयार केलं. ‘झिपर’ हे नाव १९२३ चं, एका रबर कंपनीने आपल्या पावसाळी बुटांसाठी दिलेलं.

इथे समीक्षकाने दोन्ही बाजू सांगायला हव्यात. चेन उघडायला सोपी आहे, दुरुस्तीलाही बरीचशी सोपी आहे. वापरून वापरून रनरचं तोंड फाकतं, मग दात मिटत नाहीत. रस्त्याकडेला बॅगा दुरुस्त करणारा माणूस पक्कड घेतो, रनर दोन्ही बाजूंनी हलका दाबतो आणि चेन चालू होते. तो कारागीर सुंडबॅक यांच्या मूळ कल्पनेशी थेट बोलतो आहे असंच म्हणायला हवं. पण मधला एक दात तुटला, की अख्खी चेन उसवून बदलावी लागते. बटणाचं तसं नाही. एक बटण तुटलं तर बाकीची चार सदऱ्याची अब्रू राखतात. चेनमध्ये शंभर दातांची इभ्रत एका दातावर. हे लक्षात घेतलं की ‘चेन आली आणि बटण मागे पडलं’ हे विधान किती उथळ आहे ते कळतं. दोघांची कामं वेगळी, दोघांचं मोडणं वेगळं.

आतापर्यंत आपण मालकाच्या हाताने सोडवायचं बोललो. आता दुसरा प्रश्न : परक्या गावात सोडवायचं काय?

स्क्रू-बोल्टची सगळी गंमत आट्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. या बोल्टला हीच चाकी. दुसऱ्या कारखान्यातली आणली तर फिरणार नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली यावर एक निबंध वाचला. त्यांनी केलं ते फार साधं होतं. ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, सरासरी काढली आणि म्हणाले, यापुढे सगळ्यांनी हेच काढावेत, कोन ५५ अंशांचा. नवं यंत्र नाही, नवा आकार नाही. चालू व्यवहाराचा बारकाईने अभ्यास करून काढलेला एक तह. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला, कारण तो साध्या कारागिराला काढायला आणि तपासायला सोपा. म्हणजे दोन तह झाले, आणि दोघांचं जमेना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सामान एकमेकांना बसेना, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्यांवर सह्या केल्या.

याचं मोल समजायला बाल्टिमोरची आग आठवावी. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या त्या शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांतून बंब मदतीला धावले. पाणी होतं, माणसं होती, नळ्या होत्या. पण बाहेरच्या शहरांच्या नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळखांबांना बसेनात; आटे वेगळे. तीस तासांहून अधिक काळ शहर जळत होतं; १,५०० हून अधिक इमारती गेल्या. त्या प्रत्येक नळीचं तोंड आपापल्या गावी घट्ट बसत होतं. एकट्या गावापुरती ती सगळी साधनं निर्दोष होती.

म्हणून आम्ही व्हिटवर्थना हंटपेक्षा लहान शोधक मानायला तयार नाही. पुण्यात बोहरी आळीत घेतलेला आठ एमएमचा बोल्ट नागपुरात घेतलेल्या चाकीत सहज फिरतो, यामागे कुणा एकाची प्रतिभा नाही, अनेकांनी मान्य केलेलं माप आहे. त्याच आळीत आजही कुणी ‘चार सुताचा बोल्ट द्या’ म्हणतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. माप मेट्रिक झालं तरी जिभेवर इंच टिकून आहे.

इथून पुढचं पाऊल म्हणजे पेटंटाची गाठ. कॅनडाचे पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी खाचेचा स्क्रू काढला, १९०९ मध्ये पेटंट मिळवलं. हा स्क्रू पेचकसाच्या टोकावर आपोआप धरून राहतो, एका हाताने बसवता येतो, निसटत नाही. फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात तो चांगला चालला. पण हक्कांचा ताबा दुसऱ्याच्या हातात द्यायला रॉबर्टसन तयार नव्हते. इंग्लंडमधल्या परवान्याच्या व्यवहारात त्यांचे हात पोळले होते, त्यामुळे त्यांची भीती अनाठायी नव्हती. मग १९३६ मध्ये अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी अधिकाच्या आकाराच्या खाचेची पेटंटं मिळवली आणि एकामागून एक स्क्रू-कारखान्यांना परवाने देत गेले. जोर लावला की पेचकस त्या खाचेतून बाहेर सरकतो, खाच झिजते, आणि मग तो स्क्रू काढताना कारागीर काय बोलतो ते इथे सांगता येणार नाही. पकडीत रॉबर्टसन सरस, तरी जगभर पसरला फिलिप्स. कारण एकाने आपल्या शोधाला निरगाठ मारली, दुसऱ्याने सुरगाठ.

इतकं ऐकल्यावर कुणी विचारेल, की मग निरगाठ नेहमीच वाईट का? मुळीच नाही. आणि हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, नाहीतर आमचा निकष म्हणजे नुसती घोषणा होईल.

आयफेल टॉवर पाहा. १८८९ साली पुरा झालेल्या त्या मनोऱ्यात सुमारे १८,००० लोखंडी भाग आहेत आणि सुमारे २५ लाख रिव्हेट. रिव्हेट म्हणजे अस्सल निरगाठ. लाल तापवून ठोकायचा; थंड होताना तो आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. काढायचा तर तोडावाच लागतो. पण हे भाग आधी बोल्टनी तात्पुरते जोडले जात, आणि सगळं जागेवर जुळलं आहे ना हे पाहून मग एकेक बोल्ट काढून तिथे रिव्हेट बसवला जाई. एक जण तापवणारा, एक धरणारा, दोघे ठोकणारे. चूक सुधारायची सोय असेपर्यंत सुरगाठ, आणि सुधारण्यासारखं काही उरलं नाही की निरगाठ. कुठली गाठ कधी मारायची याचं हे भान आम्हांला त्या उंचीपेक्षा मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या ओट्यावरचं. वाफेच्या दाबावर अन्न शिजवायचं भांडं डेनिस पापाँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवलं होतं. आजच्या कुकरचा एक प्रकार असा, की झाकण आतून बसतं. तोंड थोडं लांबट गोल, झाकणही तसंच. तिरपं करून आत घालायचं, वळवायचं, वर ओढायचं. आत वाफ कोंडली की तीच वाफ झाकण कडेवर दाबून धरते. शिट्टी झाल्या झाल्या कितीही ताकद लावा, उघडणार नाही. वाफ उतरली की झाकण आपोआप सैल पडतं. म्हणजे उघडू नये तेव्हा उघडत नाही, आणि धोका सरला की लगेच वाट देतं. इथे न उघडणं स्वयंपाक करणाऱ्याच्या भल्यासाठी आहे, आणि त्याला मुदत आहे. आमचा निकष यामुळे मोडत नाही, नेमका होतो. निरगाठ कुणाच्या भल्याची आणि किती काळाची, हे विचारायचं.

आता घरचाच एक विषय, आणि थोडं कडू बोलावं लागेल. आपल्याकडे या क्षेत्रात ‘जुगाड’ शब्दाचं फार कौतुक चालतं. चपलेला पिन, सायकलला ट्यूबची पट्टी, तुटल्या बिजागरीला तार. ही वापरणाऱ्यांची समीक्षाच आहे हे आम्ही वर मान्य केलंच. पण जुगाडाचं कौतुक करणारे बहुधा दुरून पाहणारे असतात. ज्याच्या दाराला तार बांधलेली आहे त्याला बिजागरी हवी असते.

परांचीकडे पाहिलं की फरक कळतो. बांबू आणि काथ्याची दोरी. बांबू कधीच एका जाडीचे नसतात. लोखंडी पाइपाचा क्लॅम्प ठरावीक जाडीलाच बसतो. दोरी मात्र कुठल्याही जाडीला बसते. काम झालं की गाठी सोडून तेच बांबू पुढच्या इमारतीला जातात. याला जुगाड म्हणणं हा अपमान आहे. हे पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून आलेलं तंत्र आहे. पण त्यातलं माप कुठे आहे? बांधणाऱ्याच्या हातात आहे. किती वेढे, किती ताण, दोरी कधी बाद धरायची, हे त्याचा हात जाणतो. तो हात नवखा निघाला तर वर चढलेल्या माणसाचा जीव जातो. व्हिटवर्थ यांनी बोल्ट गोळा करून मोजले, तसं या गाठी मोजून, लिहून, सगळ्यांची करायला हवी होती. हाताचं ज्ञान हातातच राहणं रम्य वाटतं; चौथ्या मजल्यावरून ते तसं दिसत नाही.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे, तर शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल बोलायलाच हवं. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेले, १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारलेले हे मराठी शोधक. दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिलं, पुढे रतन टाटांनी पैसा पुरवला. वाण्याच्या दुकानातलं आपोआप वजन करणारं यंत्र, मग छापखान्यासाठी अक्षरं ओतणारं ‘भिसोटाइप’. त्यांच्यावरचे लेख वाचा. ‘हिंदी एडिसन’ ही पदवी येते, शोधांची संख्या येते, उपेक्षेचं दुःख येतं. सगळं खरं आहे. पण यंत्र येत नाही.

अक्षर ओतणं म्हणजे काय, ते एकदा समजून घ्या. शिशाचा पातळ रस साच्यात सोडायचा. रस वाहता आहे तोवर साचा इतका घट्ट मिटलेला हवा की केसाएवढी फटही नको. रस गोठला रे गोठला, की साचा उघडून अक्षर बाहेर. पुन्हा मिटायचा, पुन्हा उघडायचा, मिनिटाला कित्येक वेळा, दिवसभर. आज आपण ज्या प्रश्नावर बोलतो आहोत तोच हा प्रश्न, फक्त अतिशय वेगाने आणि तापल्या धातूसह. भिसे त्याच्याशी आयुष्याची ऐन वर्षं झुंजले. देवनागरीला तर काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. या भाषेत छापणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी तो प्रश्न जिव्हाळ्याचा वाटायला हवा. शोधकाचा सत्कार करून आपण त्याचं काम कपाटात बंद करतो. मराठीतल्या या प्रकारच्या लेखनाबद्दल आमची ही मुख्य तक्रार आहे.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. ॲपल कंपनीने २००९ पासून काही लॅपटॉपमध्ये आणि मग आयफोनमध्ये पाच पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू वापरायला सुरुवात केली. नेहमीच्या पेचकसाने तो फिरत नाही. इतर कंपन्यांनीही बॅटऱ्या चिकटवून टाकल्या, झाकणं जोडाविना केली. कारणं दिली जातात : वस्तू पातळ होते, पाणी आत जात नाही, मालकाला इजा होत नाही. यातली काही खरी आहेत. पण कुकरच्या झाकणाला लावलेली कसोटी इथे लावा. न उघडणं कुणाच्या भल्याचं? आणि धोका सरल्यावर ते उघडतं का? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो पाच पाकळ्यांचा पेचकस सहज मिळतो. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला तो स्क्रू अडवत नाही, चोराला तर नाहीच नाही. अडवतो तो फक्त घरी बसलेल्या मालकाला. शोध म्हणून त्यात कौशल्य आहे, हे नाकारता येणार नाही. समीक्षक म्हणून आम्ही एवढंच म्हणू, की हा स्क्रू घट्ट बसण्यासाठी कमी आणि न सुटण्यासाठी जास्त घडवलेला आहे.

हा वाद आता कायद्यापर्यंत पोचला आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. पण सरकारने काय करावं हा आजचा विषय नाही. आजचा विषय आपण कसं पाहावं हा आहे. बायकांनी मणी ओवून पिनेची समीक्षा केली, बॅगवाल्याने पक्कड लावून चेनेची केली. हे सगळं आपल्या डोळ्यांपुढे घडतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच कुणी लिहून ठेवत नाही. पेट्रोस्कींनी शोधकाला समीक्षक म्हटलं; वापरणाऱ्यालाही तो मान द्यायला हवा, आणि त्याचं म्हणणं कागदावर आणायला हवं.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. मिक्सर, पंखा, मुलाचं खेळणं, काहीही उलटं करून पाहा. किती स्क्रू दिसतात, कुठल्या खाचेचे, घरातल्या पेचकसाने फिरतात का, एखादा स्टिकरखाली लपवला आहे का? झाकण निघालं तर ते परत बसतं का? आणि जे दिसेल ते चार ओळींत लिहून ठेवा, तारखेसकट. अशा शंभर जणांच्या चार-चार ओळी जमल्या, तर व्हिटवर्थ यांनी गोळा केलेल्या बोल्टांसारखं काहीतरी आपल्याही हाती येईल.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.